सात वाजताचं उघडं दार

मी मंत्री होतो. हसू नका, चांगली दोन वर्षं होतो. डिलाईल रोडच्या आमच्या चाळीचं कलापथक होतं, त्यात मंत्र्याचं काम माझ्याकडे. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटलेली. पोटाला उशी बांधून, टोपी तिरकी करून मी "मुंबई? कुणाची मुंबई?" असं विचारलं की लालबागच्या मैदानात असा काही आवाज उठायचा की माझ्या तळपायांना मुंग्या यायच्या. घोडपदेवला एका आजीबाईंनी खरी चप्पल फेकून मारली. नेम उत्तम, बरोबर उशीवर बसली. खेळ संपल्यावर चप्पल न्यायला आल्या तेव्हा विचारतात, "लागलं नाही ना रे बाळा?" नटाला यापेक्षा मोठं पदक मिळत नाही.

मंत्री नसलो की मी डफ वाजवायचो. डफ वाजवत नसलो की गिरणीत बदली कामगार होतो, म्हणजे सकाळी फाटकाशी उभं राहायचं आणि कुणी गैरहजर असला तर त्याच्या जागी आत शिरायचं. आणि यातलं काहीच नसलो की आईचा मुलगा होतो. हे शेवटचं काम सगळ्यांत अवघड. त्यात उशी नव्हती.

चाळीत आमचं एकच घर ख्रिस्ती. आई-वडील नगरकडचे. मी बारा वर्षांचा असताना वडील वारले आणि आई गिरणीच्या वाइंडिंग खात्यात लागली. यंत्रांच्या धडधडाटावरून बोलायची सवय झाल्यामुळे तिचा आवाज घरात मावायचा नाही. शेजारी साखर मागितली तर खालच्या मजल्यावरून साखर यायची.

आमच्या लोकांत संध्याकाळची घरची प्रार्थना असते. इतर घरांत ती कशी व्हायची ते मी पाहिलंय: एक गीत, थोडं वाचन, डोळे मिटून हलक्या आवाजात चार शब्द, की जेवायला बसायचं. आईची प्रार्थना म्हणजे आमच्या मजल्याचं बातमीपत्र. ठीक सातला दार सताड उघडं टाकून ती चटईवर बसायची आणि एक नंबरच्या खोलीपासून सुरुवात करायची. "बापा, एक नंबरच्या आजोबांचा दमा. दोन नंबरला स्थळ आलंय, माणसं फसवी नसू देत. सहा नंबरच्या भावजींची दारू सुटू दे." सहा नंबर एकदा तणतणत आले. "बाई, देवाला काय सांगायचं ते सांगा, पण माझी दारू चाळीला कशाला सांगता?" आई म्हणाली, "मी कुठे सांगते, भावजी? तुम्ही जिन्यावर आडवे होता तेव्हा तुम्हीच सांगता." त्या संध्याकाळीही त्यांचा नंबर गाळला नाही.

दार उघडं का, असं मी लहानपणी विचारलं होतं. वडील म्हणायचे म्हणे, दार लावून केलेली प्रार्थना एकट्यानं कोपऱ्यात बसून लाडू खाल्ल्यासारखी वाटते.

आमचा नंबर तेरा. लाकडी फळ्यांच्या भिंतीपलीकडे चौदा नंबरला मालवणकडची मावशी आणि तिचा एकुलता एक मुलगा. मावशी परळच्या बाजारात मासळी विकायची, त्यामुळे आवाजाच्या बाबतीत आईच्या तोडीची ती एकटीच. तिचा मुलगा माझ्या बरोबरीचा, आमच्या पथकातला ढोलकीवाला. पावणेसातला मावशीकडून बांगड्याच्या तिखल्याची वाटी यायची. नाताळात आमच्याकडून करंज्यांचं ताट जायचं. सात वाजले की मावशी मिशेरी लावत फळीला पाठ टेकून बसायची आणि स्वतःच्या नंबराची वाट पाहायची. तो घाईत उरकला असं वाटलं तर फळीवर बुक्की मारून ओरडायची, "माज्या झिलाची नोकरी ऱ्हवली गो!" झील म्हणजे मुलगा. आई डोळे न उघडता मागे फिरायची. "आणि बापा, चौदा नंबरच्या लेकराची नोकरी."

इथवर सगळी गंमत आहे. आता पुढचं सांगतो, आणि सांगताना मला अजून खुर्चीत नीट बसवत नाही.

मोर्चावर गोळी चालली. आम्ही दोघं बरोबर होतो, मी आणि ढोलकीवाला. पुष्कळ वर्षं मी हे असं सांगत आलो की गर्दीत आमची ताटातूट झाली. ताटातूट कसली? तो पडला आणि मी पळालो. त्यानं माझ्या नावानं हाक मारलेली मी ऐकली आणि तरीही पळालो, परळचा नाका येईपर्यंत. त्याला दुसऱ्यांनी उचलून इस्पितळात नेलं. गोळी मांडीत होती. डॉक्टर म्हणाले, दोन-तीन दिवस बघू, नाही तर पाय काढावा लागेल.

त्या संध्याकाळी सातला आईनं दार उघडलं. एक नंबर, दोन नंबर, सगळे शिस्तीत आले. मग चौदावर आली. "बापा, चौदा नंबरच्या लेकराचा पाय वाचव," आई म्हणाली, आणि त्याच दमात, त्याच आवाजात पुढे म्हणाली, "आणि ज्या शिपायानं गोळी झाडली त्याला क्षमा कर. त्याच्या बायकापोरांना सांभाळ. राज्य करणाऱ्यांना सुबुद्धी दे."

कुणाच्या तरी घरात पातेल्यावरचं झाकण पडलं. ते गोल गोल फिरत राहिलं.

दुसऱ्या दिवशी वाटी आली नाही. नळावर मावशीनं आईकडे पाठ फिरवली आणि मग सगळ्या बायकांनीच फिरवली. आईची कळशी शेवटी भरली. दुपारी चाळ कमिटीचे सेक्रेटरी आले. पोस्टात कारकून, फार सज्जन माणूस, वाईट बातमी द्यायची असली की चष्मा पुसायचे. चष्मा पुसत म्हणाले, "बाई, प्रार्थनेला कुणाची हरकत नाही. तेवढा शिपाई गाळा. नाही तर दार लावून घ्या. पोरं तापलीत."

मी लगेच त्यांच्या बाजूनं उडी घेतली. "आई, शास्त्रातच सांगितलंय की! आतल्या खोलीत जा, दार लाव आणि मग प्रार्थना कर."

आईनं आमच्या दहा बाय बाराच्या खोलीवरून शांतपणे नजर फिरवली. "आतली खोली दाखव," ती म्हणाली, "लगेच जाते."

सेक्रेटरींना खोकला आला. तो खोकला नव्हता. मग आई त्यांना म्हणाली, "साहेब, त्या शिपायाचा खोली नंबर मला ठाऊक नाही. म्हणून त्याला चौदाला जोडलाय. तिथून काढला तर ठेवू कुठे?"

सेक्रेटरी चष्मा न घालताच गेले.

त्याच दुपारी खाली चहाच्या दुकानात आमच्या पथकाचा नायक मला भेटला. हा गिरणीत फिटर, खेळात हातात मशाल घेऊन मला व्यासपीठावरून ढकलून द्यायचं काम त्याचं. आजूबाजूला पथकातले चार-पाच जण.

"मंत्री, तुझी आई पोलिसांच्या बाजूची काय रे?"

"छे! माझा काय संबंध तिच्या प्रार्थनेशी?"

"तू पण बसतोस ना तिथे?"

"बसतो म्हणजे, जेवण तिथेच असतं. माझा काय संबंध?"

"मग ऐक. आजपासून सातला तिच्या दारासमोर थाळ्या. ती बंद करेपर्यंत. आणि डफ तू वाजवायचा. तू कुणाचा आहेस ते एकदा कळू दे लोकांना."

"वाजवतो की. माझा काय संबंध?"

तीन वेळा झालं, हे माझ्या त्याच क्षणी ध्यानात आलं. आमच्या शास्त्रात आपल्या गुरूशी काही संबंध नाही असं तीनदा म्हणणारा एक शिष्य आहे, आणि त्याच्या वेळी कोंबडा आरवला. डिलाईल रोडला कोंबडा कुठला? दुसऱ्या पाळीचा भोंगा झाला. असा दीर्घ, असा माझ्याकडे बोट दाखवणारा भोंगा मी पुन्हा ऐकला नाही.

सात वाजता मी वाजवला. जिन्याच्या कठड्याआड, तिघांच्या पाठीमागे उभा राहून वाजवला. दहा-बारा थाळ्या, दोन घमेली आणि एक डफ. गॅलरीच्या फळ्या थरथरत होत्या. आत आई चटईवर बसलेली दिसत होती आणि तिचे ओठ हलत होते. तिनं आवाज चढवला. आम्ही जोर वाढवला. तिनं आणखी चढवला. गिरणीतल्या बाईला थाळ्यांनी हरवू म्हणणारी आम्ही मंडळी! पण चाळीला मात्र एकही नंबर ऐकू गेला नाही, हे खरं. फक्त अखेरचं आमेन गोळीसारखं बाहेर आलं.

मी मागच्या जिन्यानं घरी गेलो. आईनं ताट वाढलं. भाकरी मोडता मोडता तिच्या तोंडून एवढंच आलं, "डफ ढिला पडलाय तुझा. उद्या उन्हात ठेव."

माझा हात तिला थाळ्यांच्या गोंगाटातही ओळखू आला होता.

दुसऱ्या दिवशी मी गिरणीच्या फाटकाशी गेलोच नाही. चालत सुटलो. परळ, लालबाग, पुन्हा परळ. इस्पितळाच्या दारापर्यंत दोनदा गेलो आणि दोनदा परतलो. वर जाऊन ढोलकीवाल्याला काय तोंड दाखवणार? भिंतीभिंतीवर घोषणा रंगवलेल्या, त्यांतल्या दोन-चार माझ्याच हातच्या. बसलो की उठावंसं वाटे, उठलो की कुठे जावं कळेना. शेवटी भायखळ्याला आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांकडे गेलो. म्हटलं, यांचं आई ऐकेल.

"सलाम, पाळकसाहेब."

"सलाम. बस."

"बसत नाही. आईला तुम्ही समजावा. तेवढं एक वाक्य मनात म्हण म्हणावं. देवाला मनातलंही कळतं ना?"

पाळकसाहेब बराच वेळ टेबलावरचा टाचणीचा डबा उघडत-मिटत राहिले. मग म्हणाले, "मागच्या रविवारी उपासनेत राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना करायची होती. मी ती गाळली. खिडकीबाहेर मोर्चा चालला होता आणि माझी जीभ उचलेना. मंडळीतल्या कुणाला कळलं नाही. तुझ्या आईला कळलं. बाहेर पडताना मला म्हणाली, साहेब, आज एक पान चिकटलं होतं का?" त्यांनी डबा मिटला. "आता मी जाऊन तिला काय समजावू, सांग."

मी आलो तेव्हा सात वाजून गेले होते. थाळ्यांचा आवाज खालच्या रस्त्यापर्यंत येत होता. मी नव्हतो तर डफ दुसऱ्या कुणी घेतला होता. फार वाईट वाजवत होता. सगळं थांबल्यावर मी वर गेलो. आई हळद-मिठाच्या गुळण्या करत होती. तिचा आवाज फाटून निव्वळ घरघर उरली होती.

"कशाला हा हट्ट?" मी म्हणालो. "तुला काय तो शिपाई आवडतो?"

तिनं पाणी थुंकलं आणि माझ्याकडे वळली. "आवडतो?" घशातून खरखर आली. "त्या लेकराला मी या मांडीवर खेळवलंय. शिपायाचं वाक्य तोंडी आलं की माझ्या जिभेवर शिवी येते. म्हणून तर मोठ्यानं म्हणते. मनात म्हणायला गेले तर शिवीच म्हणेन."

मी गॅलरीत येऊन उभा राहिलो. आत जाऊन उभा राहिलो. पुन्हा बाहेर आलो.

तिसऱ्या दिवशी इस्पितळातून निरोप आला: पायाचं काय करायचं ते डॉक्टर उद्या सकाळी ठरवणार. मावशी बाजारातून दुपारीच परत आली आणि दार ओढून बसली.

सात वाजले. थाळ्या सुरू झाल्या. मी डफ घेऊन गॅलरीच्या टोकाला उभा होतो. वाजवत नव्हतो, ठेवतही नव्हतो. आईनं दार उघडलं, चटईवर बसली, डोळे मिटले, तोंड उघडलं. काहीच आलं नाही. तिनं घसा खाकरला, पुन्हा तोंड उघडलं. नुसती हवा.

तेवढ्यात चौदा नंबरचं दार धाडकन उघडलं आणि मावशी बाहेर आली. पदर खोचलेला, तोंडात मिशेरी. हातात कोयता नव्हता हे पोरांचं नशीब.

"गप रवा रे मेल्यांनू!"

थाळ्या थांबल्या. त्या आवाजापुढे भोंगासुद्धा थांबला असता.

"दोन दिस माका कायएक आयकूक येवक नाय! उद्या माज्या झिलाच्या पायाचो निकाल आसा. माजो नंबर येवंदे!"

नायक पुढे झाला. "मावशी, अगं, ती त्या पोलिसासाठी पण..."

"ता माका ठाव आसा! त्येचा इला की मी कान दाबून धरीन. तू तुजी थाळी धर आणि घराक जा!" मग ती आमच्या उंबऱ्यावर येऊन बसली, अगदी मधोमध, आणि आईला म्हणाली, "म्हण गो बाय."

आईनं तोंड उघडलं. हवा. मावशीनं मागे वळून सगळ्या मजल्याकडे असं पाहिलं, जणू आवाज कुणी चोरलाय आणि तो आत्ता परत करावा. आईनं हात उचलला नाही, हाक मारली नाही. नुसतं माझ्याकडे पाहिलं. मग मावशीनं पाहिलं. मग सगळ्या चाळीनं.

गॅलरीच्या टोकापासून तेरा नंबरपर्यंत किती पावलं असतील? आठ. दोन हजार माणसांसमोर छाती काढून चालणारा मंत्री मी, त्या आठ पावलांत दोनदा ठेचकाळलो. डफ भिंतीला टेकवला, मावशीला ओलांडून आत गेलो आणि आईशेजारी बसलो. समोर उघडं दार, दारात मावशी, तिच्यामागे नायक, हातात पालथी थाळी.

"बापा, एक नंबरच्या आजोबांचा दमा," मी म्हणालो. आवाज असा आला की मलाच ओळखू येईना. पण आश्चर्य असं की मला सगळं येत होतं. इतकी वर्षं मी जेवणाची वाट बघत बसलो असं समजत होतो, आणि सगळा मजला मला पाठ झाला होता. सहाशी मी क्षणभर अडखळलो, तर गर्दीतून सहा नंबर स्वतःच पडक्या आवाजात म्हणाले, "म्हण रे, म्हण. चाललंय अजून." कुणीतरी फिसकन हसलं. बारा झाले. तेरा आम्ही, ते आई नेहमी वगळायची.

"चौदा नंबरच्या लेकराचा पाय वाचव, बापा."

मावशीनं डोळे पुसले. आईचं बोट माझ्या गुडघ्यावर एकदा टेकलं. पुढचं.

मी डोळे उघडले. तसं करायचं नसतं, पण उघडले. नायक माझ्याकडेच बघत होता. मावशीनं दोन्ही कान गच्च दाबून धरले होते आणि तिचे डोळे माझ्या तोंडावर होते. माझे पाय चटईवर आपोआप मागे सरकू लागले. त्या पायांना एकच गोष्ट येत होती, तीच त्यांना पुन्हा करायची होती.

"ज्या शिपायानं गोळी झाडली," मी म्हणालो, "त्याला क्षमा कर. त्याची बायकापोरं सांभाळ." इथे थांबता आलं असतं. पण तोंड सुरूच राहिलं. "आणि जो मित्र पडलेला पाहून पळाला, हाक ऐकूनही पळाला, त्यालाही क्षमा कर. त्याचा नंबर तेरा."

आमेन म्हणायचं राहूनच गेलं. आईनं ते ओठांनी म्हटलं.

मावशीचे हात कानांवरच होते. पण मासळीबाजारात आयुष्य काढलेल्या बाईचे हात ते, त्यांनी धरायचं ठरवलं तर सुरमई सुटायची नाही. आणि आता बोटं पार सैल पडली होती. तिनं किती ऐकलं हे मी तिला कधी विचारलं नाही. ती उठली, लुगडं झटकलं, आणि माझ्याकडे न बघता आईला म्हणाली, "माजी वाटी तुमच्याकडेच ऱ्हवली हा. दी बघू."

आईनं वाटी दिली. दहा मिनिटांत ती भरून परत आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी इस्पितळाच्या दारातून तिसऱ्यांदा मागे फिरलो नाही. ढोलकीवाल्यानं मला बघितलं आणि म्हणाला, "ये भडव्या, कुठे होतास? ऐकलंस का? पाय राहतोय." पाय राहिला, दोन बोटं आखूड. श्रेय मावशी क्रमानं वाटायची: आधी डॉक्टर, मग गावचा रवळनाथ, मग तेरा नंबर. आईला तिसऱ्या नंबराबद्दल तक्रार नव्हती.

सगळं गोड झालं असं समजू नका. थाळ्या वाजवणारे दोघं माझ्याशी पुढे कधीच बोलले नाहीत. नळावरच्या काही पाठी वळायला वर्ष लागलं. मंत्री मात्र मीच राहिलो. पथकाला माझ्याइतकं पोट कुणाला शोभत नव्हतं. फक्त नायक मला व्यासपीठावरून ढकलायचा, तो त्यानंतर खराच ढकलायचा. राज्य झालं त्या दिवशी आम्ही चाळभर पेढे वाटले, आणि सातला आईनं शिपायाला चौदाशेजारीच बसवलं, नेहमीसारखं.

आई जाऊन आता बरीच वर्षं झाली. मी दादरला राहतो, तिसऱ्या मजल्यावर, दाराला लॅच, लॅचला साखळी, साखळीच्या वर भोक आणि भोकातून दिसणारं शेजाऱ्यांचं बंद दार. सात वाजत आले की माझे पाय ऐकत नाहीत. बायको म्हणते, बस जरा. बसवत नाही. उठतो, साखळी काढतो, दार उघडतो. समोरचे गृहस्थ ऑफिसातून येतात आणि विचारतात, "कुणाची वाट बघताय?" मी इस्त्रीवाल्याचं नाव सांगतो. हे आता मी शंभरदा तरी सांगितलं असेल, आणि आमच्याकडे इस्त्रीवाला सकाळी येतो हे त्यांनाही ठाऊक आहे.

मग आत येऊन बसतो आणि एक नंबरच्या ब्लॉकपासून सुरू करतो. पुष्कळांचं काय दुखतं तेच ठाऊक नसल्यामुळे नुसते नंबर घेतो. आवाज बेताचा, दारापर्यंत जेमतेम पोचणारा. शिपाई अजून चौदाला जोडलेला आहे, तेरा नंबर त्याच्या पाठोपाठ. दार मात्र मी अर्धंच उघडतो, हे कबूल केलं पाहिजे. समोरच्या गृहस्थांच्या सासूबाई आजारी आहेत असं परवा जिन्यात कानावर आलं. उद्या सताड उघडून, जरा मोठ्यानं म्हणून बघेन म्हणतो.